ती लस नव्हे, गोळी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. पाऊण पान दिलेत, याचे समाधान आहे. पण मथळ्यातच 'विंचवावरची लस शोधणारा डॉक्टर' असे छापलेत, आणि माझा संताप अजून शमलेला नाही.

बावस्करांनी लस शोधलेली नाही. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी, आधीपासून बाजारात असलेली. विंचूदंशात ती प्राण वाचवते, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून, नाडी आणि रक्तदाब टिपून दाखवले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 1982 मध्ये त्यांनी टिपलेली लक्षणे छापली, 1986 मध्ये हा उपचार. दंशानंतर विष मारायला इंजेक्शनातून देतात ते प्रतिविष, ते निराळे. गोळीला त्याची जोड दिली तर रुग्ण लवकर सावरतो, हेही 2011 मध्ये त्यांनीच दाखवले. लेखात या सगळ्याची 'लस' झाली.

एका शब्दावरून एवढे का चिडावे? काल संध्याकाळीच वाडीतल्या एकाने मला विचारले, "ती लस कुठे टोचतात? शाकारणीच्या आधी घेऊन टाकू." म्हणून चिडलो.

1974 चा मे महिना. आमचे घर शाकारायचे चालले होते. माझा दादा तेव्हा बारा वर्षांचा. खालून कौले देताना त्याने चळतीत हात घातला आणि लाल विंचू चावला. आजोबांनी विंचू उतरवणाऱ्याला बोलावले. त्याने मंत्र घातला, मुळी उगाळून लावली. तासाभराने दादा म्हणाला, कळ कमी झाली. विंचू उतरला म्हणत सगळे पुन्हा छपरावर चढले. आई तेवढी त्याच्यापाशी राहिली. त्याचा सदरा पिळून काढावा इतका घामाने भिजला होता, ओकाऱ्या थांबत नव्हत्या आणि मेच्या त्या उन्हात पाय गारठलेले. त्याचे तळवे पदरात धरून ती चोळत होती. तिन्हीसांजेला श्वास घुरघुरू लागला, तोंडाला गुलाबी फेस आला. डोलीतून दवाखान्याकडे नेताना वाटेतच तो गेला.

घाम, ओकाऱ्या, गार पडलेले हातपाय ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना असते, हे बावस्करांचे म्हणणे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. प्राझोसिन त्या रक्तवाहिन्या सैल करते. आधी गंभीर दंशाच्या दहा रुग्णांतले तीन-चार दगावत, नंतर शंभरात एक-दोन. दादा गेला त्यानंतर दोनच वर्षांनी, 1976 मध्ये, बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ही दोन वर्षे आई शेवटपर्यंत मोजत होती.

आणखी एक. लेखात 2022 ची पद्मश्री आहे, पण 2013 मधला 1,200 रुपयांचा धनादेश नाही. रुग्णाला तपासणीसाठी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने तो बावस्करांना धाडला होता. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रारही केली. माझ्या दृष्टीने हे पद्मश्रीपेक्षा कमी नाही. गेल्या वर्षी पत्नीच्या कमरेचा एमआरआय काढायला गेलो, तर खिडकीवरच्या माणसाने तिचे नाव विचारण्याआधी विचारले, "कोणत्या डॉक्टरांनी पाठवलंय?" आम्ही परस्पर दुसऱ्या केंद्रावरून फिल्म काढून आणली, तर आमच्या डॉक्टरांनी ती पाकिटाबाहेरसुद्धा काढली नाही. पुन्हा काढून आणा म्हणाले, 'तिथूनच'. पेन्शनीतून दोनदा पैसे भरले. असल्या व्यवहाराला उघडपणे नाही म्हणणारा डॉक्टर आपल्याच जिल्ह्यात आहे, हे छापायला चार ओळी नव्हत्या का?

माझी विनंती आहे, चूक दुरुस्त करा आणि आतल्या पानाच्या तळाला नको, जिथे 'लस' छापलीत तिथेच करा. सोबत एवढे ठळक छापा: विंचू चावल्यावर कळ कमी असली तरी घाम, ओकाऱ्या, गार हातपाय दिसताच रुग्णाला ताबडतोब आरोग्य केंद्रात न्या. पंधरा दिवसांत घरोघरी कौले उतरायला लागतील. त्याआधी छापा.

आपला,
एक जुना वाचक, ता. पोलादपूर, जि. रायगड