अस्वलाचे ओरखडे नव्हेत, लिशाच्या चरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कुमाऊँतल्या ट्रेकवरचा लेख वाचला. लेख छान, छायाचित्रं त्याहून छान. पण चिडाच्या, म्हणजे हिमालयातल्या लांब सुयांच्या पाइनच्या, खोडावरच्या लांब उभ्या खाचेखाली ‘अस्वलाने नखांनी ओरबाडलेले झाड’ अशी ओळ छापली आहे, ती चूक आहे. ठाणे-नवी मुंबईहून दर उन्हाळ्यात ट्रेकची मंडळी उत्तराखंडात जातात आणि ही अस्वलाची गोष्ट तिथून घेऊनच परततात, म्हणून खुलासा जरा सविस्तर करतो.

छायाचित्रातली खाच नीट पाहा. दोन्ही कडा सरळ आणि समांतर. रुंदी सुमारे १० सेंमी. खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर, आणि तिथे गंजलेल्या पत्र्याचा तुकडा सालीने अर्धा गिळलेला. अस्वल पत्रा ठोकत नाही. त्याचे ओरखडे वेडेवाकडे, चार-पाच एका ओळीत आणि खोडावर कुठेही असतात. विजेचा घाव शेंड्याकडून खाली लांबच लांब उतरतो. वणव्याचा घाव बुंध्याशी, तिकोनी, काळा, आणि उतारावर बहुधा चढाच्या बाजूला. छायाचित्रातली खाच यांपैकी कशातच बसत नाही. ती लिसा काढण्याची जुनी चर आहे.

लिसा म्हणजे चिडाचा चीक. तो डिंक नव्हे. डिंक पाण्यात विरघळतो, लिसा पाण्यात तसाच राहतो आणि टर्पेंटाइनमध्ये विरघळतो. फ्रेंचांच्या लांद प्रांतातली भांडं-पन्हळीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या हिमालयात आली. साधारण ३० सेंमीपेक्षा जाड झाड निवडायचं, बुंध्याशी साल तासायची, वाकसाने (सुताराच्या आडव्या पात्याच्या हत्याराने) १० सेंमी रुंद आणि जास्तीत जास्त अडीच सेंमी खोल चर काढायची. खाली पत्र्याची वाकडी पन्हळ ठोकायची आणि तिच्याखाली खिळ्याला भांडं अडकवायचं. भांडं आधी मातीचं असे, पुढे पत्र्याचं आलं. चीक आठवडाभर वाहतो, मग लाकडातल्या नळ्यांची तोंडं बुजतात. म्हणून दर सात-आठ दिवसांनी चरीच्या वरच्या टोकाला पातळ ढलपी काढून घाव ताजा करावा लागतो. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हेच चालतं, थंडीत चीक घट्ट होऊन वाहत नाही. चर वर्षाला हातभराहून थोडी कमी वर सरकते. पाचेक वर्षांत ती पुरुषभर उंच झाली की शेजारी सालीची पट्टी सोडून नवी चर सुरू करायची. म्हणजे एका खोडावर तीन चरी दिसल्या तर तिथे पंधराएक वर्षं काम झालं असा अंदाज बांधता येतो.

ही पद्धत बिघडली ती खोलीपायी. कामाचा मोबदला गोळा झालेल्या चिकावर, त्यामुळे वाकस अडीच सेंमीवर थांबत नसे. चार-पाच सेंमी आत गेलेली चर झाडाला उभी कापते. वादळात खोड नेमकं तिथेच मोडतं. वणव्यात तर पाहायलाच नको. चिकाने भिजलेलं उघडं लाकूड मशालीसारखं पेटतं आणि खाली साठलेलं पिरूल, म्हणजे चिडाच्या वाळक्या सुया, आग थेट चरीत पोचवतं. जुन्या चरी बऱ्याचदा आतून काळ्या आणि पोकळ दिसतात त्या यामुळे. पुढे डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने रिल पद्धत बसवली. तिच्यात साल फक्त तासतात, मधोमध एक उभी खाच काढतात आणि तिच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, लाकडात जेमतेम दोन मिलिमीटर जाणाऱ्या तिरप्या रेघा. रेघांवर सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्लांचं प्रत्येकी २० टक्क्यांचं मिश्रण फवारतात, म्हणजे नळ्यांची तोंडं जास्त दिवस उघडी राहतात. खोडावर माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसली तर ती रिल, नुसती रुंद खोल चर दिसली तर जुनं काम.

अमेरिकेत जॉर्जिया-फ्लोरिडाच्या रानांतही लांब सुयांच्या पाइनवर अशीच नक्षी सापडते. तिथे तिला ‘कॅटफेस’ म्हणतात, रेघा मांजराच्या मिशांसारख्या दिसतात म्हणून. सुरुवातीला तिथे कुऱ्हाडीने बुंध्यातच पेटी कोरून तीत चीक साठवत, आणि झाडं पटापट मरत. चार्ल्स हर्टी या रसायनतज्ज्ञाने १९०३ मध्ये मातीचं भांडं आणि पत्र्याच्या पन्हळींचं पेटंट घेतलं. त्यामुळे बुंध्यात पेटी दिसली की काम बहुधा त्याआधीचं आणि मातीच्या भांड्याची खापरं मिळाली की त्यानंतरचं, असा ढोबळ हिशेब तिथले लोक लावतात. तिथल्या टर्पेंटाइन काढण्याच्या जुन्या भट्टीवरचा कारागीर तांब्याच्या नळीच्या टोकाला कान लावून उकळीच्या आवाजावरून आत पाणी कधी घालायचं ते ठरवायचा.

आपल्याकडे गोळा केलेला लिसा बरेलीजवळ क्लटरबकगंजच्या कारखान्यात जाई. गावाचं नाव क्लटरबक या वनाधिकाऱ्यावरून. १०० किलो लिशातून साधारण ७० किलो रोझिन, म्हणजे टर्पेंटाइन निघून गेल्यावर उरणारा काचेसारखा घट्ट भाग, आणि १५ ते २० किलो टर्पेंटाइन निघतं, बाकी पाणी, सुया आणि माती. १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊँत लोकांनी बेगारी आणि जंगलबंदीविरुद्ध राने पेटवली, त्यात लिशाचे साठेही जळाले. १९७० च्या सुमारास पुढे चिपको आंदोलनाचे नेते म्हणून ओळखले गेलेले चंडीप्रसाद भट्ट यांच्या संस्थेने गढवालमधल्या गोपेश्वरला लिशाचा छोटा कारखाना काढला, तर त्यांना कच्चा लिसा बरेलीच्या कारखान्यापेक्षा महाग दराने मिळे. चिपको म्हटलं की झाडाला मारलेली मिठी आठवते, लिशाचा भाव कुणाला आठवत नाही.

वागळे इस्टेट किंवा महापेच्या दुकानात आज ‘टर्पेंटाइन’ म्हणून मिळतं ते बहुतेक मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे पेट्रोलियमचं. चिडाशी त्याचं नातं नावापुरतं. आरतीच्या तबकातला कापूर मात्र बहुधा झाडाच्याच टर्पेंटाइनमधल्या अल्फा-पायनीन या द्रव्यापासून केलेला असतो. चिडाच्या तेलात हे कमी आणि केरीन, लाँगिफोलीन ही दुसरी द्रव्यं जास्त, त्यामुळे कापूरवाल्यांना बाहेरचं तेल सोयीचं पडतं. रोझिन कागदाच्या गिरणीत, छपाईच्या शाईत, फिनाइलमध्ये, सोल्डरिंगच्या डबीत आणि सारंगीच्या गजावर.

वखारीत चिडाची फळी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. बुंध्याकडच्या फळीत पिवळसर, काचेसारखा चमकणारा पट्टा असेल तर तो चरीशेजारचा भाग. त्यावर ऑइलपेंट वाळत नाही, चिकट राहतो. आधी चपडा लाखेचे दोन हात द्यावेत. आणि करवत लावण्यापूर्वी आत पन्हळीचा पत्रा किंवा खिळा नाही ना, हे चुंबक फिरवून पाहावं. वर थोडं लाकूड वाढलेलं असलं तरी जोरदार चुंबकाला तो लागतो, नाहीतर पातं दाते घालवून बसतं.

ट्रेकवाल्यांना विनंती एवढीच की रानात सापडलेलं भांडं मनीप्लांटसाठी उचलून आणू नये. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राळ (लिसा तिच्यातच मोडतो) वनोपज म्हणून नोंदली आहे, त्यामुळे परवान्याशिवाय लिशाचा गोळा सॅकमध्ये टाकणं गुन्हा ठरू शकतं, आणि तो भुरकन पेटतो. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यावा, चरीची रुंदी, खोली आणि खालच्या टोकाची जमिनीपासूनची उंची लिहून ठेवावी. चरींच्या झाडाखाली चूल मांडू नये. आणि अलिबागच्या किनाऱ्यावरचं ते ‘पाइन’ म्हणजे सुरूचं झाड, त्याला लिसा येत नाही.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती द्यायची झाली तर ओळ अशी असावी: ‘चिडाच्या खोडावरची लिशाची जुनी चर, खाली अडकलेली पत्र्याची पन्हळ’.

आपला,
रंग-रसायनांच्या व्यवसायातील एक वाचक,
वागळे इस्टेट, ठाणे