नवा स्विच येणार, पण पैसा कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापुरात कारखाने, पतसंस्था, दवाखाने यांच्या नेटवर्कची कामं मी करतो. हल्ली काम आटोपलं की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "अरिस्ताचा नवा स्विच येतोय म्हणतात. शेअर घेऊन ठेवू का?" अरिस्ता ही स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी नेटवर्कची यंत्रं, बनवणारी अमेरिकी कंपनी. अमेरिकेतले शेअर मोबाइलवर घेता येऊ लागल्यापासून तिथली कुजबूज थेट नवी पेठेत पोहोचते. आपल्या अर्थविषयक पानावरही ती 'सूत्रांच्या हवाल्याने' छापून येते, म्हणून हे पत्र.

नवा स्विच येणार यात गुपित काहीच नसतं. अरिस्ता स्विचमधली मुख्य चिप बहुतांशी ब्रॉडकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून घेते. सेकंदाला १०२.४ टेराबिट माहिती वाहून नेणारी 'टॉमाहॉक ६' ही चिप, म्हणजे आधीच्या पिढीच्या दुप्पट क्षमतेची, ग्राहकांना पाठवायला सुरुवात केल्याचं ब्रॉडकॉमने जून २०२५ मध्येच जाहीर केलं होतं. तिच्यावर स्विच बनणार हे त्याच दिवशी उघड झालं. शिवाय ती चिप एकट्या अरिस्तासाठी नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही मिळते.

खरा प्रश्न पैसा कधी येतो हा आहे. मायक्रोसॉफ्ट आणि मेटा हे अरिस्ताचे सर्वांत मोठे ग्राहक. असे ग्राहक नवं यंत्र आधी आपल्याकडे तपासून घेतात. अनेक सौद्यांत त्यांनी पसंतीची मोहोर उमटवल्याशिवाय कंपनीला ती विक्री उत्पन्नात धरता येत नाही. तोवर रक्कम 'डिफर्ड रेव्हेन्यू'त, म्हणजे अजून उत्पन्नात न धरलेल्या रकमेत, पडून राहते, कधी कधी कित्येक तिमाह्या.

आपल्याकडे तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात स्विच उघडला की पंख्याच्या पात्यांवर सुताच्या तंतूंचा जाड थर दिसतो. ब्रशने तो काढला, दिवे पुन्हा हिरवे लुकलुकले, की मालक तोच स्विच पुढे वर्षानुवर्षं वापरतो. डेटा सेंटरवाले असं करत नाहीत, हे मान्य. पण घोषणा ऐकून तेही चेक फाडत नाहीत.

नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्को या अमेरिकी कंपनीचं उदाहरण जुन्या वाचकांना आठवत असेल. मार्च २००० मध्ये ती बाजारमूल्याने जगात पहिली होती. पुढे इंटरनेट अफाट वाढलं, सिस्कोचा मालही खपत राहिला. तरी शेअरला तो भाव पुन्हा दिसायला २५ वर्षं लागली.

आपल्या शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२४ पासून कंपन्यांवर अफवांचा खुलासा करण्याचं बंधन घातलं आहे. पण ते इथल्या पहिल्या २५० नोंदणीकृत कंपन्यांपुरतं, आणि तेही मुख्य प्रवाहातल्या माध्यमांत आलेल्या बातम्यांपुरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या टिप्स त्यात येत नाहीत, अमेरिकी कंपन्या तर नाहीतच. त्यामुळे माझ्यासारखा वाचक तुमच्या छापील शब्दावर विसंबतो, आणि त्या शब्दावर घरातली बचत लावणारी माणसं मी रोज पाहतो.

अशी बातमी देताना एवढं जरूर छापा: नुसती चिप आली आहे, स्विच जाहीर झाला आहे, तो ग्राहकाच्या तपासणीत आहे, की विक्री उत्पन्नात धरली गेली आहे? डिफर्ड रेव्हेन्यूचा आकडा कंपनी दर तिमाहीला स्वतः जाहीर करते. त्यासाठी सूत्रांकडे जावं लागत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर