पोट उघडलंत म्हणून आभार

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये तुम्ही माझ्या आईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन केलंत. थिएटरबाहेर येऊन म्हणालात, "दुर्बिणीतून पुढे जाणं बरोबर नव्हतं, पोट उघडलं." आणि मी तुमच्यावर आवाज चढवला. शेजारच्या काकू दुर्बिणीतून हेच ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी घरी आल्या होत्या, आमच्याच नशिबी एवढा मोठा छेद का? संमतीपत्रावर ही शक्यता लिहिलेली होती, खाली सही माझीच होती. पण वाचतो कोण!

तुम्ही चिडला नाहीत. बाकावर माझ्या शेजारी बसलात आणि हातमोज्यांच्या पाकिटाच्या कागदावर चित्र काढलंत. वांग्यासारखं पित्ताशय, देठाशी बारीक नळी, पलीकडे यकृताकडून येणारी मुख्य पित्तनळी. पित्ताशय यकृतापासून खालच्या बाजूने सोडवायचं, आणि त्यात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, ती बारीक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. आईने वर्षभर दुखणं अंगावर काढलेलं, आत सगळं चिकटून बसलेलं. अशा वेळी मुख्य नळीच बारीक नळी वाटते. ती चुकून कापली तर पित्त पोटात गळतं, कावीळ होते, आणि ती जोडायला आणखी मोठं ऑपरेशन.

नंतर मी थोडं वाचलं. आपल्याकडे दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सुरुवात झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमतन उदवाडिया यांच्या हातून. हे तंत्र जगभर झपाट्याने पसरलं तेव्हा पित्तनळीला इजा होण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीपेक्षा वाढलं होतं. तंत्र नवं, हात अजून बसायचे होते. तुम्ही सांगितलेला 'दोनच गोष्टी'चा नियम अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये नीट मांडला, तो याच अनुभवातून. म्हणजे आईची पित्तनळी शाबूत राहिली त्यात तुमचा हात आहेच, पण तुम्हाला 'दिसत नसेल तर थांब' हे शिकवणाऱ्यांचाही आहे.

त्या रात्री तुमची ज्युनिअर डॉक्टर वॉर्डात आली होती. "आम्हाला उघडं ऑपरेशन फारसं बघायलाच मिळत नाही हो," म्हणाली, "सरांनी आज प्रत्येक पायरीला थांबून दाखवलं." तेव्हा मला तिचा रागच आला. माझी आई काय शाळा आहे? आज वाटतं, बरं झालं तिने पाहिलं.

आईच्या उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण आहे. सहाव्या दिवशी घरी आली, महिनाभर जड उचललं नाही. परवा गौरीच्या पुरणपोळ्या एकटीने लाटल्या. तो हातमोज्यांचा कागद तिने फाइलमध्ये जपून ठेवलाय.

तिचा एक निरोप आहे. टाके काढताना "मावशी, दुखलं तर सांगा" म्हणणारी ती मुलगी आता स्वतः ऑपरेशन करते का, असं विचारलंय. करत असेल तर नमस्कार सांगा.

आपला,
त्या दिवशी ओरडलेला मुलगा