इतिवृत्तात माझं नाव लिहिणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्ही कॉलेज सोडलंत त्या दिवशी मला बोलता आलं नाही, गळा दाटून आला होता. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकलच्या लॅबमध्ये सहायक आहे. कॉलेजचा दर्जा तपासायला येणाऱ्या कमिट्या खूप पाहिल्या. नॅक अख्खं कॉलेज तपासते, एनबीए एकेक शाखा. पण आमच्याकडे दोन्हींची तयारी सारखीच. रंगरंगोटी, रांगोळी, फ्लेक्स आणि रात्री जागून मागच्या तारखा टाकून भरलेली रजिस्टरं. त्रुटी निघाली की दुसऱ्या दिवशी एकच चौकशी, "कमिटीशी कोण बोललं?" एका पोरानं यूटीएमच्या, म्हणजे सळई ताणून तिची ताकद मोजणाऱ्या मशीनच्या, आकड्यांवर भरवसा नाही, असं कमिटीला खरं सांगितलं, तर तेव्हाच्या साहेबांनी केबिनमध्ये उभं करून त्याला झापलं. त्रुटीपुढे "पूर्तता केली" असा शेरा पडला आणि फाईल कपाटात गेली. त्या साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आलात तेव्हा एनबीएनं सहाऐवजी तीनच वर्षांची मान्यता दिली होती, आणि अहवालात पुन्हा तेच यूटीएम होतं. कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का याची तपासणी, वर्षातून एकदा व्हायला हवं, आमच्याकडे त्याचा कागदच नव्हता. तुम्ही बैठक लावलीत. मी रजिस्टर द्यायला आलो आणि सवयीनं दाराशीच उभा राहिलो. तुम्ही उठून शेजारची खुर्ची ओढलीत. "मामा, बसा. मशीन तुम्ही चालवता, तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. माइल्ड स्टीलची सळई एकाच गठ्ठ्यातली, तरी यील्डचा, म्हणजे सळई कायमची ताणली जायला लागते त्या ताणाचा, आकडा दर बॅचला वेगळा. पोरं कंटाळून मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवून काढतात. खोलीत कुणी बोलेना. तुम्ही माझं म्हणणं जसंच्या तसं इतिवृत्तात लिहिलंत, पुढे माझं पूर्ण नाव घातलंत आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवलात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मस्टर सोडून मी कशावर सही केली नव्हती, मॅडम. घरी गेल्यावर बायकोला तेवढंच सांगितलं.

पुढचा पत्रव्यवहार, मंजुरी, खर्च, सगळं तुम्ही निभावलंत. आता त्याच सळईचे आकडे जुळतात आणि पोरं स्वतःचे आलेख काढतात. त्रुटींचा कागद हातात आल्यावर साहेब आधी कुणाला गाठतो, यावरून मला माणूस कळतो. तुम्ही मशीनजवळच्या माणसाला गाठलंत, तेही मानानं. अशी सरळ माणसं आहेत म्हणून कॉलेजं तगतात, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या जागी आलेल्या सरांनी पुढच्या बैठकीला मला बोलावलंय. वेल्डिंग शॉपमध्ये धूर कोंडतो आणि पंखा बंद पडलाय, ते मी मांडणार आहे.

आपला,
लॅबमधला मामा, सोलापूर