सहा मतांनी गव्हर्नर

रिचमंड, व्हर्जिनिया

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

सरपंच थेट जनतेतून आला की सदस्यांना कुणी विचारत नाही, हे तुमचं नेहमीचं गाऱ्हाणं. इथे एके काळी सगळं सदस्यांच्याच हातात होतं, त्याची गंमत सांगते.

इंग्लंडच्या राजाने नेमलेला गव्हर्नर लॉर्ड डनमोर १७७५ मध्ये तेव्हाची राजधानी विल्यम्सबर्गहून पळाला. पुढच्या वर्षी व्हर्जिनियाने स्वतःची घटना केली ती गव्हर्नर या प्राण्याची धास्ती घेऊनच. गव्हर्नर निवडायला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी आपापल्या दालनात मतं टाकायची आणि पेट्या एकत्र मोजायच्या. मुदत एकच वर्ष. लागोपाठ तीन वर्षं झाली की चार वर्षं घरी बसायचं. नकाराधिकार नाही. वर आमदारांनीच निवडलेल्या आठ जणांच्या कौन्सिलचा सल्ला घ्यायचा. एवढं बांधून ठेवल्यावर त्या खुर्चीत राहिलं काय?

तरी चुरस व्हायचीच! १७७९ मध्ये थॉमस जेफरसन आणि जॉन पेज हे कॉलेजपासूनचे जिवलग मित्र समोरासमोर आले. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नाही. तिसरे उमेदवार थॉमस नेल्सन मागे पडले आणि दुसऱ्या फेरीत जेफरसन ६७ विरुद्ध ६१ मतांनी आले. नंतर त्यांनी पेजना लिहिलं की स्पर्धा आपली नव्हतीच, आपल्या मित्रांची होती. आणि फरक इतका थोडा, की त्याचं तुला दुःख नको नि मला सुख नको. मला हे मनापासूनचं वाटतं. तुम्ही हसाल.

खरी फजिती १७८१ च्या जूनमध्ये झाली. जेफरसन यांची मुदत संपली आणि नवी निवड व्हायच्या आत, स्वातंत्र्ययुद्ध चालूच होतं म्हणून, इंग्रज घोडदळ आमदार जमले होते त्या शार्लट्सव्हिलवर चालून आलं. आमदार डोंगरापलीकडे स्टॉन्टनला पळाले. निवडणारेच पळाले, मग निवडणार कोण? १२ जूनला तिथे जमून त्यांनी त्याच नेल्सनना गव्हर्नर केलं, आणि लगेच जेफरसन यांच्या कारभाराची चौकशीही लावली! डिसेंबरात निर्दोष ठरवून आभाराचा ठराव केला, ते वेगळं.

पेजही १८०२ मध्ये गव्हर्नर झाले, आमदारांच्याच मतांनी. लोकांनी थेट गव्हर्नर निवडायला १८५१ उजाडलं. लोक म्हणजे तेव्हा फक्त गोरे पुरुष.

आईला नमस्कार. पंचायतीत उपसरपंचाचं काय ठरलं ते नक्की कळवा.

तुमची,
मीनल