एक रुपया भरा, हिशेब बघा

महोदय,

गौरी-गणपतीला मुंबईहून चाकरमान्यांना फुकट घेऊन येणाऱ्या बसगाड्यांचे कोकणात आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. पुढच्या काचेवर भाऊंचा हात जोडलेला फोटो, खाली ‘सौजन्य’ म्हणून चार-पाच नावे, त्यात एखादा रस्त्याचा ठेकेदार हमखास. मे महिन्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या बक्षिसांनाही तीच नावे. गाडीत बसणाऱ्याला मी बोल लावत नाही. रेल्वेचे आरक्षण हाती लागत नाही आणि गावच्या घरी गणपती तर आणायचाच असतो. पण हा पैसा कुठला, आणि देणारा त्याची वसुली कशातून करणार, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही.

कायद्याने विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. मात्र ती उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालापर्यंतच्याच खर्चाला लागू होते. गणपतीतली बस त्यात येत नाही. शिवाय पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर किती उधळावे, याला मर्यादाच नाही. पुढे गडगा घालायचा आणि मागून गुरांना वाट मोकळी ठेवायची, तसला हा प्रकार. पक्षांना नाव गुप्त ठेवून देणगी देण्याची सोय असलेले निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले आणि कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले ते बाहेर आले. ते झाले दिल्लीचे. तालुक्याच्या पातळीवर कोण कुणाला पोसतो, ते कोण बाहेर काढणार?

त्याची थोडी सोय कायद्यातच आहे, पण तिकडे कुणी फिरकत नाही. निकालानंतर ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला, पडलेल्यालाही, खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. कारण नसताना न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षे अपात्र ठरवू शकतो. आणि १९६१ च्या निवडणूक नियमांतला ८८ वा नियम सांगतो की, एक रुपया शुल्क भरून कोणीही हा हिशेब पाहू शकतो. ठरलेली फी भरली की साक्षांकित नक्कलही मिळते. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी आपण याहून जास्त मोजतो!

हा हिशेब वाचण्यासारखा असतो. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, रिक्षावरचा भोंगा अशा प्रत्येक गोष्टीचे दर जिल्हा प्रशासन आधीच ठरवून देते. त्यामुळे प्रश्न दरांचा नाही, नगांचा आहे. आपल्या नाक्यावर सभा झाली तेव्हा खुर्च्या किती होत्या, गाड्या किती लागल्या होत्या, हे गावाला पाठ असते. कागदावर किती आहेत ते पाहावे. देणग्यांच्या रकान्यात कुणाची नावे आहेत तेही पाहावे, आणि पुढच्या पाच वर्षांत साकव, धूपप्रतिबंधक बंधारे आणि रस्त्यांच्या कामांच्या फलकांवर ठेकेदार म्हणून तीच नावे येतात का, ते ताडून घ्यावे. नाव जुळले म्हणजे भ्रष्टाचार झालाच असे नाही, पण आमदारांना भर ग्रामसभेत विचारण्याजोगा प्रश्न तरी हाती येतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती. नेत्यांच्या वाढदिवसांच्या पानभर जाहिराती आपण छापता, तो आपला व्यवसाय आहे, तक्रार नाही. त्याच पानांत एकदा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या विधानसभा उमेदवारांचे खर्चाचे गोषवारे मतदारसंघवार छापा. खुर्च्यांचा आकडा बरोबर आहे की नाही, ते आम्ही वाचक कळवू.

– एक मतदार, राजापूर