तुम्ही आजीला ‘सिस्टर’ म्हणालात

रात्रपाळीच्या सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय ते चारचौघांत घेणं बरं दिसणार नाही. बारा नंबरच्या खाटेवरच्या, खुब्याचं हाड मोडून आलेल्या आजी म्हटलं की तुम्हाला ओळख पटेल. मी त्यांची नात, रात्री खुर्चीत बसलेली असायचे ती.

आजी गेली. त्या दिवशी तुमची सुट्टी होती, त्यामुळे आपली भेट झालीच नाही. तुम्ही ड्यूटीवर परत आलात तोवर त्या खाटेवर दुसरं कुणी आलं असेल. म्हणून हे पत्र.

आजी ९१ वर्षांची होती आणि त्यातली ३९ वर्षं ती नर्स होती. हे आम्ही दवाखान्यात कुणाला सांगितलंच नव्हतं, याची मला आजही खंत वाटते. केसपेपरवर वय, रक्तदाब, साखर, चालू गोळ्या असं सगळं होतं. ही बाई आयुष्यभर काय करत आली, ते कुठेच नव्हतं. तुम्ही ते स्वतःच ओळखलंत. दुसऱ्या रात्री तुम्ही सलाईन बघायला वाकलात आणि तिने तुमचं मनगट धरलं. आदल्या रात्री तिने नळी ओढून काढली होती, म्हणून मी घाबरून सोडवायला उठले. तुम्ही मला हातानेच थांबवलंत. तिची तीन बोटं तुमच्या अंगठ्याच्या बाजूला, बरोबर नाडीवर होती आणि नजर भिंतीवरच्या सेकंदकाट्यावर. तुम्ही पूर्ण मिनिटभर तशाच वाकून उभ्या राहिलात. ती म्हणाली, “ब्याऐंशी.” आणि तुम्ही विचारलंत, “सिस्टर, कुठल्या वॉर्डला होतात?”

निवृत्त झाल्यापासून तेहेतीस वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. घरी ती आई, मग आजी, मग पणजी. दवाखान्यात तर पांढऱ्या केसांची प्रत्येक बाई आजीच असते. तुमच्या त्या एका शब्दाने तिने मान सरळ केली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुम्हाला तेव्हा वेळ नव्हता, म्हणून ती कुठल्या वॉर्डला होती ते आता सांगते. स्त्रियांचा वॉर्ड, मग लहान मुलांचा, मग शेवटची बरीच वर्षं प्रसूती. तिने कामाला सुरुवात केली तेव्हा सिरिंजा काचेच्या होत्या. त्या उकळून घ्यायच्या, सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. मग सुईचं टोक कापसावरून फिरवायचं. एखादा तंतू जरी अडकला, तरी ती सुई परत घासायला. “पेशंटला यातलं काही दिसत नाही, पण त्याच्या दंडाला कळतं,” असं ती म्हणायची. देवीची लस टोचायची दोन टोकांची सुई तिच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये अजून आहे. लसीत बुडवून एकाच जागी झटपट पंधरा वेळा टोचायचं, हे ती पेन्सिलीने आमच्या दंडावर करून दाखवायची. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं, त्याबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज हळू व्हायचा. त्या रोगाने अंध झालेली मुलं तिने पाहिली होती.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा सगळ्यांना ठाऊक असतो. आजीला तिच्या वह्या जास्त आवडायच्या. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले, हे त्या बाईने आकडे मांडून, आकृत्या काढून सरकारला दाखवून दिलं, म्हणून. आजीच्या घरी हाच कायदा होता. आम्हा नातवंडांपैकी कुणाला ताप आला की ती थर्मामीटर झटकून पारा ९५च्या खाली आणायची आणि जुन्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा आखायची: वेळ, ताप, किती पाणी प्यायलं, लघवी कितीदा झाली. मध्यरात्री जाग आली की ती उशाशी बसलेली असायची. कपाळावर हात ठेवायची तोही आधी स्वतःचा तळवा चोळून ऊब आणून. आईबाबा तिच्याच भरवशावर झोपायचे.

आता त्या तिसऱ्या रात्रीबद्दल. अशा वयात दवाखान्यात आल्यावर माणूस गोंधळतं, डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि ते फार आढळतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की आजी खाटेवरून उतरायला बघतेय आणि ओरडतेय, “राउंड राहिलाय माझा.” आधीच्या दोन रात्री सगळे तिला “आजी, झोपा” म्हणत होते. मीही तेच म्हणत होते. शेवटी मऊ पट्ट्यांनी हात बांधावे लागले होते आणि ती रडली होती.

तुम्ही आधी तिचा चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवलात. मग स्टूल ओढलंत, वही उघडलीत आणि म्हणालात, “सिस्टर, ओव्हर द्या. आता नाइट माझी.”

ती शांत झाली आणि पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या नर्सकडे सोपवतात, तशी तिने रीतसर ओव्हर दिली. चार नंबरचं ड्रेसिंग भिजतंय, सकाळपर्यंत थांबू नका. सहा नंबरची पहिलटकरीण आहे, घाबरलीय, जवळ बसा. नऊ नंबरचं बाळ दूध ओढत नाही. तुम्ही विचारलंत, “किती वेळाने द्यायचं?” ती म्हणाली, “दोन तासांनी. चमच्याने.” तुम्ही ते सगळं लिहून घेत होतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या बाळाला त्या रात्री नेमकं काय हवंय, ते तुम्ही लिहून घेतलंत. मग ती म्हणाली, “आणि किल्ल्या.” तुम्ही हात पुढे केलात. तिने आपली मूठ तुमच्या तळहातावर उघडली आणि तुम्ही मूठ मिटून खिशात घातलीत. त्यानंतर ती सकाळी सहापर्यंत झोपली. पट्ट्या पुन्हा लागल्या नाहीत.

तुम्हाला त्या रात्री अख्खा वॉर्ड बघायचा होता, हे मला माहीत आहे. पलीकडे दोन वेळा बेल वाजली, तुम्ही “आलेच” म्हणून गेलात आणि परत येऊन त्याच जागी बसलात.

आणखी एक. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवताना तुम्ही आधी सांगायचात: “सिस्टर, आता डावीकडे.” शेवटी शेवटी ती डोळे उघडत नव्हती, तरीही. शुद्धीत नसलेल्या माणसालाही सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम होता. तुम्हाला तो कुणी शिकवला, ठाऊक नाही. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

फुफ्फुसातला संसर्ग वाढत गेला आणि पहाटे पावणेपाचला ती गेली. तिला त्रास होत नव्हता, हे तुम्हाला कळावं असं वाटतं. वळवायची वेळ झाली होती. दिवसपाळीच्या सिस्टर अजून आल्या नव्हत्या, रात्रीच्या दुसऱ्या सिस्टर पलीकडच्या खाटेशी होत्या. मीच तिच्या कानाशी म्हणाले, “सिस्टर, आता उजवीकडे.” आणि तिचं मनगट हातात घेऊन, तिने शिकवलं होतं तसं, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

तुमची,
बारा नंबरची नात